शहर, घारी आणि आजार: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅलरीत मेलेली घार सापडली, शेजारी रोज कबुतरांना दाणे टाकतात, माळ्यावर घुबडाने पिलं घातली. असे प्रश्न पर्वरी, मडगाव, म्हापसा, वास्को या भागांतून सतत येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे येत असेल, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिकारी पक्षी म्हणजे नेमके कोणते? गोव्यातल्या शहरांत त्यांतले किती दिसतात?

घारी, गरुड, ससाणे, शिक्रा, भोवत्या, गिधाडं आणि घुबडं. शहरात रोज दिसते ती साधी घार, शेपटीला खाच असलेली तपकिरी. जेटी आणि मासळी बाजारावर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. बागा आणि भाटांतून शिक्रा, जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि चर्चच्या मनोऱ्यांत गव्हाणी घुबड, रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपणारा पिंगळा. हिवाळ्यात उंच इमारतीवर बहिरी ससाणा बसलेला दिसू शकतो. सर्पगरुड मोले-बोंडल्याच्या बाजूचा. करमळीच्या तळ्यावर आणि खाजनांवर थंडीत येणारा दलदली भोवत्या वस्तीत क्वचितच शिरतो.

२. शहरात राहिल्यामुळे हे पक्षी जास्त आजारी पडतात का? हो की नाही ते सांगा.

असं एका शब्दात सांगता येत नाही. २०१९ मध्ये जगभरातल्या शहरी वन्यजीवांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शहरातल्या प्राण्यांची तब्येत एकंदरीत थोडी उतरती निघाली. फरक मुख्यतः दोन बाबतींत होता: एकमेकांच्या जवळच्या संपर्कातून पसरणारे परजीवी आणि अंगात साचणारी विषारी द्रव्यं. बाकी रोगांचं चित्र एकसारखं नव्हतं.

शिकारी पक्ष्यांत तर फरक आणखी ठळक आहे, कारण त्यांचे बरेचसे रोग भक्ष्यातून येतात. शहर भक्ष्य बदलतं. रानात सरडे, बेडूक, छोटे पक्षी खाणारा शिक्रा वस्तीत होले आणि कबुतरांची पिलं खाऊ लागतो. घार कोंबडीच्या दुकानामागची आतडी उचलते. घुबड घुशी-उंदरांवर येतं. म्हणून ‘पक्षी कुठे राहतो’ याआधी ‘तो तिथे काय खातो’ हे विचारायला हवं. त्याचं उत्तर मिळालं की कोणत्या रोगाची भीती धरायची हे बरंचसं कळतं. खालची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

३. आमच्या सोसायटीत कबुतरं फार झालीत. त्यांचा शिकारी पक्ष्यांना काय त्रास?

सगळ्यात जुना आणि सगळ्यात नीट अभ्यासला गेलेला त्रास म्हणजे ट्रायकोमोनास. हा एकपेशीय परजीवी कबुतराच्या घशात आणि अन्नपिशवीत राहतो. कबूतर पिलांना जे ‘दूध’ भरवतं, त्यातून तो पुढच्या पिढीत जातो. बहुतेक कबुतरांत काहीच लक्षण दिसत नाही. तेच कबूतर शिक्र्याने किंवा ससाण्याने खाल्लं की त्याच्या, विशेषतः त्याच्या पिलांच्या, तोंडात आणि घशात खव्यासारखा पिवळट थर धरतो. थर वाढला की गिळता येत नाही, पुढे श्वास कोंडतो. बाजदारांना हा आजार शतकानुशतकं माहीत आहे. त्यामुळे ते आपल्या पाळीव ससाण्याला ताजं कबूतर द्यायला कचरायचे.

शहराचा संबंध स्पष्ट झाला तो अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात. तिथला कूपर्स हॉक हा आपल्या शिक्र्याचाच भाऊबंद. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत शहरातल्या ८५ टक्के पिलांत हा परजीवी सापडला, शहराबाहेरच्या पिलांत ९ टक्के. शहरातल्या जोड्यांचं मुख्य खाणं होले आणि कबुतरं हेच होतं.

इथवर ऐकून लोक निष्कर्ष काढून मोकळे होतात की शहर म्हणजे सापळा. टुसॉनमध्ये मात्र गोष्ट पुढे वेगळी निघाली. बरीच पिलं दगावत होती, तरी शहरात खाणं मुबलक, जोड्या पिलं जास्त घालत, मोठे पक्षी चांगले जगत. शहरातली संख्या टिकली, वाढलीसुद्धा. मोठ्या पक्ष्यांत परजीवी कमी आढळतो, आणि त्याचं एक कारण त्यांच्या तोंडात असावं. पिलांच्या तोंडापेक्षा ते जास्त आम्लधर्मी असतं आणि परजीवीला तिथे तग धरणं अवघड जातं.

गोव्यात काय करावं? कबुतरांना दाणे टाकणं बंद करावं. दाण्यांच्या जागी गर्दी होते, एकाच्या चोचीतला ओला दाणा दुसरा उचलतो. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना माणसांच्या फुप्फुसांच्या काळजीने झाकला गेला आणि त्यावरून मोठा वाद झाला. शिक्र्याचं नाव त्या वादात कुणी काढलं नाही, पण फायदा त्यालाही आहेच. बागेत पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल, तर भांडं रोज घासून उन्हात कोरडं करा. हा परजीवी ओलाव्यात टिकतो, कोरड्यात लवकर मरतो.

४. घार मेलेली दिसली म्हणजे बर्ड फ्लूच समजायचं का?

नाही. एकटी घार बहुतेक वेळा विजेची तार, काच, वाहन किंवा विषबाधा यांनी मरते. पण एकाच भागात थोड्या दिवसांत अनेक पक्षी, विशेषतः कावळे, मरू लागले तर लगेच पशुसंवर्धन खात्याला किंवा वन खात्याला कळवा. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात, आणि तिथून अहवाल येईपर्यंत कुणीही, आम्हीसुद्धा, छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

थोडी पार्श्वभूमी. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २०२१च्या सुरुवातीला अनेक राज्यांत कावळे आणि स्थलांतरित पक्षी मेले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मेले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. वाघ-बिबट्यांचं उदाहरण मुद्दाम दिलं. मांसाहारी प्राण्याला हा रोग खाण्यातून होतो, आणि घारीला तर आजारी, लटपटणारा पक्षी म्हणजे आयती शिकार. अमेरिका आणि युरोपात २०२१ पासूनच्या साथीत गरुडांचे बळी गेले तेही मुख्यतः बाधित पाणपक्षी खाऊन.

शहराचा भाग इथे असा: कावळे, घारी, कोंबडीचा कचरा आणि भटकी कुत्री-मांजरं एकाच ढिगावर जमतात. त्यात भर म्हणजे हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेल्या घारीही स्थानिक घारींबरोबर त्याच ढिगावर उतरतात.

५. आमच्या गावठी कोंबड्यांना मानमोडी लागली होती. तिचा घारींशी संबंध आहे?

आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणू अनेक पक्ष्यांना होतो. त्याचाच एक प्रकार कबुतरांत फिरतो. मान पिळवटलेलं, गोल गोल फिरणारं कबूतर पाहिलं असेल तर बहुधा तोच. असं कबूतर पळू शकत नाही, म्हणून शिकारी पक्षी नेमकं तेच उचलतो.

मेलेली कोंबडी कुंपणापलीकडे फेकू नका. खोल खड्डा, वर चुना, वर माती. कोंबड्यांना लासोटा आणि पुढे आर-टू-बी लस वेळेवर द्या; कुठे मिळेल ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लस कोंबडी वाचवते, पण विषाणू बाहेर टाकणं पूर्ण थांबवतेच असं नाही. तेव्हा लस दिली तरी मेलेली कोंबडी पुरायची ती पुरायचीच.

६. पणजीत बांधकामांमुळे मलेरिया वाढला होता. घारींनाही मलेरिया होतो का?

पक्ष्यांचा मलेरिया असतो, पण तो वेगळा. माणसाच्या मलेरियाचा परजीवी घारीला होत नाही आणि तिचा आपल्याला होत नाही. गोव्यात स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात वाढणारा ॲनोफिलिस स्टेफेन्साय हा डास माणसाचा शत्रू. त्याच्यामुळेच बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड आलं. पक्ष्यांचा मलेरिया मुख्यतः क्युलेक्स डास पसरवतात, आणि ते गटारात, तुंबलेल्या नाल्यात, सेप्टिक टाकीत वाढतात. बेशिस्त वाढलेल्या वस्तीत दोघांचीही चंगळ, एवढाच दोघांमधला दुवा.

क्युलेक्समुळेच पसरणारा दुसरा रोग वेस्ट नाईल. १९९९ मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतले कावळे, घुबडं, ससाणे मोठ्या प्रमाणात मेले. शिकारी पक्ष्याला तो डासाशिवाय, बाधित पक्षी खाऊनही होऊ शकतो. आपल्याकडे केरळात माणसांमध्ये हा विषाणू आढळतो. पण आशिया-आफ्रिकेतले पक्षी त्याच्याबरोबर फार जुन्या काळापासून राहत आलेत, त्यामुळे अमेरिकेसारखी कत्तल इकडे दिसत नाही.

७. मग जंगलातले पक्षी सुरक्षित, असं म्हणायचं?

तसंही नाही, आणि हा प्रश्न लोक विचारत नाहीत याचं नवल वाटतं. काही रक्तपरजीवी पसरवणाऱ्या काळ्या माश्यांची वाढ स्वच्छ वाहत्या पाण्यात होते. मोलेच्या ओहोळाजवळ त्या सापडतील, मडगावच्या गटारात नाही. त्यामुळे अशा परजीवींच्या बाबतीत रानातला गरुड शहरातल्या घारीपेक्षा जास्त सापडण्यातला. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या काळ्या शिक्र्यांवर झालेल्या अभ्यासात शहरीकरणामुळे तब्येत ढासळल्याचं दिसलं नाही. अभ्यासकांनी कारण सुचवलं ते असं, की शहरात कबुतरं-होले बारा महिने मिळतात.

उलट व्हिएन्नाच्या मध्यवस्तीत खरुचींना (केस्ट्रेल, ससाण्यांतलीच एक छोटी जात) जुन्या इमारतींत घरट्याच्या जागा भरपूर, पण खायला उंदीर कमी, म्हणून पिलं कमी वाचतात. ही उपासमार आहे, रोग नव्हे. पण उपाशी पिलू रोगाला लवकर बळी पडतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

८. सोनसोडो, सडा अशा कचऱ्याच्या जागी शेकडो घारी दिसतात. त्यांना काही होत नाही का?

घारीचं पोट कणखर असतं. जठरातलं आम्ल बऱ्याच जंतूंचा निकाल लावतं. सगळ्यांचा मात्र नाही. साल्मोनेला घारींच्या आतड्यात सापडतो, आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूही. स्पेनसह अनेक देशांत कचऱ्यावर खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांत असे जंतू आढळलेत. पक्षी त्यांनी आजारी पडतोच असं नाही. चिंता दुसरी आहे: घार सकाळी कचऱ्यावर, दुपारी तळ्यावर आणि संध्याकाळी माडावर असते. जंतूही तिच्याबरोबर फिरतो.

गर्दी हा दुसरा मुद्दा. दिल्लीत घारी इतक्या दाटीने घरटी करतात की तशी दाटी शिकारी पक्ष्यांत जगात फारशी कुठे नाही. कारण कचरा, आणि श्रद्धेने हवेत भिरकावलेले मांसाचे तुकडे. गोव्यात तितकी दाटी नाही. मुसळधार पावसाच्या महिन्यांत किनाऱ्यावरच्या साध्या घारी विरळ होतात, त्यामुळे गर्दी वर्षभर टिकत नाही. साळगाव आणि काकोड्याच्या प्रकल्पांत ओला कचरा बंदिस्त जागी जातो, तिथे उघड्या ढिगासारखी मेजवानी नसते. खरा घोळ हमरस्त्याच्या कडेला रात्री गोणीतून टाकल्या जाणाऱ्या कोंबडीच्या पिसा-आतड्यांचा आहे. तो कुठल्याच प्रकल्पात पोहोचत नाही.

९. मी रोज गच्चीवर घारीला चिकनचे तुकडे टाकतो. पुण्यच ना?

टाकू नका. कच्च्या चिकनमधला साल्मोनेला, नको तिथे गर्दी, आणि माणसाच्या हातावर झडप घालायची सवय, हे तिन्ही येतं. शिवाय दाबोळीच्या परिसरात राहत असाल तर विमानांनाही धोका. घारी तुमच्याविना जगतात.

१०. माळ्यावर घुबडाची पिलं आहेत. त्यांच्यामुळे घरात आजार येईल का?

शक्यता फार कमी. खाली पडलेल्या गोळ्या (घुबडाने ओकलेल्या, उंदराचे केस आणि हाडं असलेल्या) कोरड्या झाडू नका. पाणी शिंपडून, मास्क आणि हातमोजे घालून उचला. पिलं उडून जाईपर्यंत तिकडे जाणं टाळा. घुबड अपशकुनी म्हणून त्याला हुसकावणारे अजूनही भेटतात; रोज रात्री उंदीर मारणारा इतका स्वस्त नोकर दुसरा नाही.

घुबडाला मात्र तुमच्याकडून धोका आहे. उंदरांसाठी ठेवलेला ब्रोमॅडिओलोनचा केक उंदराला लगेच मारत नाही. रक्त गोठणं बंद होतं आणि तो काही दिवस सुस्त फिरतो, म्हणजे घुबडाला सहज सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साचत जातं. हा रोग नाही, पण रोगाशी त्याचा संबंध असू शकतो. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या आसपासच्या रानमांजरांत, बॉबकॅटमध्ये, या विषाची बाधा आणि जीवघेणी खरूज एकत्र सापडली. माळ्यावर घुबड असेल तर पिंजरा लावा, केक नको.

११. ब्राह्मणी घार आणि समुद्री गरुड तर मासे खातात. ते यातून सुटले?

बरेचसे. मालीम, कुटबण, खारीवाडा इथल्या जेटींवर ब्राह्मणी घारीचं पोट नुस्त्यांवर भरतं, त्यामुळे प्रश्न ३ मधला कबुतरांचा रोग तिच्यापासून दूर राहतो. पण ती मेलेलंही खाते, त्यामुळे प्रश्न ४ तिला लागू आहेच. समुद्री गरुड मासे आणि समुद्री सापांवर जगतो, तरी अपवाद आहेत. ऑस्ट्रेलियात याच जातीच्या गरुडांत पोपटांचा चोच आणि पिसं खराब करणारा विषाणू सापडला. तिकडच्या शहरांत पोपट उदंड झालेत, आणि ज्याचं भक्ष्य वाढतं त्याचे रोगही शिकाऱ्याच्या वाट्याला येतात.

१२. जखमी किंवा गळपटलेली घार सापडली तर काय करू?

जाड टॉवेल टाकून उचला, पाय आधी धरा. इजा नखांनी होते. हातमोजे, मास्क. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठिकाणी ठेवा. पाणी पाजू नका, दूध-भात-पाव मुळीच नको. वन खात्याला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली हे पक्षी संरक्षित आहेत, प्रेमानेसुद्धा घरी पाळता येत नाहीत. आसपास पक्षी पटापट मरत असतील तर मात्र उचलूच नका, प्रश्न ४ पाहा.

१३. तिच्याकडून मला काय होऊ शकतं?

ट्रायकोमोनास नाही, पक्ष्यांमधला हा परजीवी माणसाला होत नाही. साल्मोनेला होऊ शकतो, साबणाने हात धुतले की बहुतेक टळतो. बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो, पण झाला तर गंभीर. कबुतरांच्या विष्ठेतून येणारा सिटॅकोसिस हा तापाचा-न्यूमोनियाचा आजार आहे. तो घारीपेक्षा कबुतरांकडून येण्याची शक्यता जास्त. सत्तरीतून ‘माकडतापाचं काय?’ असं हमखास विचारतात. तो गोचिडी चावल्याने होतो. घारी-घुबडांना घाबरायचं कारण नाही.

१४. बचाव केंद्रांत येणारे पक्षी बहुतेक शहरातले असतात. म्हणजे शहरच त्यांना आजारी पाडतं, हे सिद्ध होत नाही का?

होत नाही. पणजीच्या रस्त्यावर पडलेली घार कुणीतरी पाहतं, फोन करतं. नेत्रावळीच्या रानात पडलेला सर्पगरुड रात्रीत कोल्ह्याच्या पोटात जातो. केंद्राची नोंदवही पक्षी कुठे सापडले ते सांगते; किती आजारी पडले ते सांगत नाही. तुलना करायची तर दोन्हीकडे घरट्यांतल्या पिलांची सारख्याच पद्धतीने तपासणी हवी. टुसॉनचे आकडे वजनदार आहेत ते म्हणूनच.

१५. एका घारीच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली असं वाचलं. ती आजारी होती?

बहुधा नाही. प्रतिपिंडं म्हणजे विषाणूशी गाठ पडली होती आणि पक्षी वाचला. जे वाचले नाहीत त्यांचं रक्त कुणी काढलेलं नसतं. म्हणून एखाद्या जातीत प्रतिपिंडं कमी सापडली, तर दोन उलटे अर्थ निघू शकतात: विषाणू आलाच नाही, किंवा आला आणि ज्यांना झाला ते सगळे गेले. बातम्यांत हा फरक नेहमी गळतो. ‘घारींमध्ये विषाणू’ असा मथळा वाचलात तर आत विषाणू सापडला की प्रतिपिंडं, एवढं तपासा.

१६. घारीच्या घरट्यात प्लास्टिक दिसतं. त्यातून रोग होतो?

रोग नाही; पिलाच्या पायात दोरा अडकतो तो खरा धोका. पांढरं प्लास्टिक घारी मुद्दाम आणतात. स्पेनमधल्या अभ्यासात जास्त पांढरं प्लास्टिक मांडणाऱ्या जोड्या जास्त तगड्या निघाल्या.

१७. कचरा डेपो एकदम बंद केला तर घारींचे रोग कमी होतील?

हळूहळू, हो. लगेच मात्र उलट घडू शकतं. अन्न तुटलं की पक्षी पांगतात, नव्या ढिगांवर दाटी करतात, पिलं उपाशी राहतात. पिलांचा काळ आपल्याकडे साधारण डिसेंबर ते एप्रिल. बंद करायचाच असेल तर तो हंगाम टाळून आणि टप्प्याटप्प्याने. मात्र कोंबडीचा कचरा बंदिस्त व्हायला मुहूर्त बघायची गरज नाही.

१८. गोव्यातली गिधाडं रोगाने गेली का?

नाही, पण हा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण अभ्यासकांनाही आधी तोच संशय होता. १९९०च्या दशकात भारतभर गिधाडं माना टाकून मरू लागली तेव्हा विषाणूचा शोध कित्येक वर्षं चालला. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या कामातून उघड झालं की गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात जातं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. गुरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचायला वापरल्या जात होत्या, त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. गायीला इंजेक्शन द्यायची वेळ आली तर डॉक्टरांकडे तेच मागा.